जोडीचं बक्षीस

पुकेकोहे
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय वन्सं,

तुम्हाला आणि आईंना वाकून नमस्कार. दुपारचा चहा झाला की तुम्ही हे पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखवणार, हे धरूनच लिहिते आहे, तेव्हा आधी आईंच्या प्रश्नांची उत्तरं. हो, थंडी अजून आहे. हो, मी कानटोपी घालते. नाही, इथे न्यूझीलंडात कांदा महाग नाही. आमच्या रस्त्याच्या टोकालाच कांद्याचं शेत आहे. आईंची नात श्रिया वेलिंग्टनला मजेत आहे. मी मराठीत मेसेज करते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटतं.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईंना दिसत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही, तरी दोघी मिळून आमच्या घरातलं काही म्हणता काही सोडत नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीने तुमचे कान नेले, पण डोळे भलतेच तल्लख करून ठेवले. तुम्ही विचारलंय, "रवी गाडीची किल्ली हातात धरून का बसतो?" सवय हो, दुसरं काय. ह्यांना हातात काहीतरी चाळा लागतो. पूर्वी पेन असायचं. आणि माझ्या पत्राखाली ह्यांच्या दोन ओळी का नसतात, तर ऑफिसचं काम फार वाढलंय. पुढच्या वेळी लिहायला सांगते.

आता इकडची बातमी. क्लबचा मोसम संपला. क्लब म्हणजे आमचा नेमबाजीचा. हिवाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी एका लांबलचक गारठलेल्या शेडमध्ये पोटावर पालथं पडायचं आणि कागदावरच्या काळ्या ठिपक्यांवर गोळ्या मारायच्या. आईंना अजून वाटतं की आम्ही शिकारीला जातो. आई, कागदाखेरीज आम्ही आजवर कुणालाही मारलेलं नाही.

बक्षीस समारंभ वीस तारखेला आहे आणि बक्षिसं निवडायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात आहे. आमच्या क्लबात अशी रीत आहे की ज्याने बक्षीस निवडलं त्यानेच ते समारंभात हातात द्यायचं. त्यामुळे निवडणाऱ्याला चुकारपणा करता येत नाही. समोरच्याचं तोंड बघावं लागतं. पहिल्या वर्षी मी हौसेने बंदूक धरलेल्या सोनेरी माणसांचे पुतळे आणले होते. सगळ्यांनी "लव्हली, लव्हली" म्हणत घेतले. पुढच्या महिन्यात त्यातले बरेचसे मला चॅरिटीच्या दुकानात फळीवर ओळीने उभे दिसले. तेव्हापासून ठरवलं की बक्षीस सोमवारी सकाळी उपयोगी पडलं पाहिजे.

मोठ्या माणसांना इथे सगळ्यात जास्त आनंद मांसाच्या पॅकचा होतो. मी जन्माची शाकाहारी बाई खाटकाच्या दुकानात उभी राहून चॉप्स पारखून घेते. (वन्सं, हे वाक्य गाळा.) लहान मुलांना मात्र मेडलच हवं, आणि तेही जड, गळ्यात घातल्यावर मान जरा खाली गेली पाहिजे. ग्रेअम नावाचे एक आजोबा आहेत, मोतीबिंदू काढल्यावर त्यांचा नेम असा काही सुधारला की डॉक्टरालाच बक्षीस द्यावं. त्यांना बागेसाठी चांगली कात्री घेतली. आणि जो चुकून शेजाऱ्याच्या कागदावर गोळी मारतो त्याला चिनी मातीचं एक कुरूप बदक मिळतं. ते त्याने वर्षभर घरात दिसेल असं ठेवायचं, अशी अट आहे.

राहिलं जोडीचं बक्षीस. जोडीच्या स्पर्धेची ढाल फिरती असते. जिंकणाऱ्यांच्या घरी वर्षभर राहते आणि मग परत जाते. तीच ती, कॉलवर आमच्या डोक्यामागे दिसते ती. नावाची नवी पट्टी बसवायला मी ती शुक्रवारी देऊन आले, तेव्हा कॉलवर भिंत मोकळी दिसली तर घाबरू नका. आईंनी विचारलंय, यंदाही तुमचीच ना? आई, यंदाही ढालीवर ह्यांचं नाव आहे.

ढालीबरोबर जोडीला घरी न्यायला म्हणून एक लहानसं बक्षीस द्यायचं असतं. एरवी ते आमची अध्यक्षीणबाई, नोलीन, निवडायची, कारण आपलं आपणच काय निवडायचं? दर वर्षी बिस्किटांचा डबा. यंदा ते माझ्याकडे आलंय आणि काही केल्या सुचत नाही. दोघांनी मिळून वापरायचं, फार जवळिकीचंही नको आणि अगदी परकंही नको. तुम्हाला काही सुचलं तर कळवा.

कॉलची वेळ होत आली. हे येतीलच इतक्यात. पोह्यांना फोडणी घालायला उठते. आईंच्या गुडघ्याचं तेल संपायच्या आत आणून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको.

आपली,
विभावरी


पुकेकोहे
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

वन्सं,

हे पत्र आईंना वाचून दाखवू नका.

रविवारच्या आत पोचावं म्हणून पाकीट कुरिअरने पाठवते आहे. त्यात आणखी एक दुमडलेला कागद आहे, त्यावर आईंचं नाव घातलंय. तो इतक्यात उघडू नका. चहा होऊ दे, आई आडव्या झाल्या की आतल्या खोलीत बसून आधी हे वाचा. चष्मा घेऊन बसा, माझं अक्षर आज धड नाही.

रवींद्र माझ्याबरोबर राहत नाही. फेब्रुवारीत तो तिकडे ऑकलंडला, बॉटनी डाउन्स भागात राहायला गेला. तिथे कौमुदीचं घर आहे. ते दोघं एकत्र राहतात.

लिहिलं एकदाचं. सकाळपासून नुसते कागद फाडत होते. आणि पत्रात मी त्याला "हे" म्हणते ना, ते आईंच्या कानांना बरं वाटावं म्हणून. घरात तो पहिल्यापासून रवींद्रच. हे पत्र तुमच्या एकटीसाठी आहे, तेव्हा रवींद्रच लिहिते.

कौमुदी कोण, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पुण्याचीच. आयटीत आहे, घटस्फोट झालेला, मूलबाळ नाही. गणपतीच्या कार्यक्रमात एका कोपऱ्यात ताट घेऊन एकटीच उभी होती. मला काही तसं बघवत नाही, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. तिला क्लबात मी नेलं. बंदुकीचा दस्ता खांद्याला कसा टेकवायचा, श्वास कुठे रोखायचा, घोड्यावरचं बोट कसं हलकं ठेवायचं, सगळं मी शिकवलं. मागच्या हिवाळ्यात माझा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी बंदूक बंद केली. क्लबात नियम आहे की जोडीतलं एक आजारी पडलं तर त्याच्या जागी दुसऱ्याने मारलेलं चालतं, पण ढालीवर नाव मूळ जोडीचंच लागतं. आमची ढाल जाऊ नये म्हणून मीच कौमुदीचं नाव सुचवलं. रवींद्र तर नको म्हणत होता. मागच्या वर्षीच्या पट्टीवर नाव माझं आहे, नेम तिचा होता.

यात माझं काय चुकलं, हे मी पुष्कळ दिवस शोधत बसले. आता नाही शोधत. मी एका एकट्या बाईला जेवायला बोलावलं आणि दुखणाऱ्या खांद्याला विश्रांती दिली. याला चूक म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आता रविवारचं सांगते.

तो गेला तेव्हा माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं. आईंना सांगायचं नाही. "आईला नाही सोसायचं. या वयात नको. दिवाळीनंतर मी स्वतः सांगतो." कुठल्या दिवाळीनंतर, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून दर रविवारी तो बॉटनीहून गाडी घेऊन येतो, सोफ्यावर माझ्या शेजारी बसतो, तुम्हाला फोन लावतो, "आई, कशी आहेस" म्हणतो, मी मधेमधे बोलते, तुम्ही हात हलवता, आणि कॉल संपला की तो उठतो. म्हणून हातात किल्ली, वन्सं. तुमच्या नजरेतून सुटायची नव्हतीच ती.

त्याला वाटतं मी हे आईंसाठी करते. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण खरं सांगू? रविवार आला की मी सकाळीच डोक्यावरून न्हायचे. पोहे, कधी साबुदाण्याची खिचडी, कधी त्याची आवडती कोथिंबीर वडी. बाकीचे दिवस ब्रेडवर काढायचे आणि रविवारी मात्र ओला नारळ शोधत फिरायचे. श्रिया एका रविवारी इथे होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, यू कुक लाइक ही इज कमिंग होम." मी तिच्यावर केवढ्याने ओरडले! ती बाहेर अंगणात जाऊन बसली.

तिचं खरं होतं. आईंच्या नावाखाली मी माझ्याच रविवारची सोय केली होती. तेवढा वेळ तो माझ्या शेजारी बसायचा. सोफा मधे जरा दबलाय, त्यामुळे दोघांचे खांदे लागायचे. मी सरकायचे नाही.

आता त्या बक्षिसाचं. तुम्ही म्हणाल, ही बाई रडते आहे आणि मधेच बक्षीस काय काढते. पण तिथेच सगळं आलं.

यंदा ते दोघं जोडी म्हणून रीतसर उतरले आणि जिंकले. नोलीनने मला बाजूला घेऊन विचारलं, "विभा, लव्ह, हे एक बक्षीस मी बघू का? देईनही मीच." बाई चांगली आहे. पण मला तिच्या डोळ्यांतली कीव बघून असा काही राग आला की मी म्हटलं, "सगळी बक्षिसं मी निवडते, हेही मीच निवडणार." म्हटलं खरं, आणि मग बसले डोकं धरून. वन्सं, आपला नवरा आणि तो जिच्याबरोबर राहतो ती बाई, या दोघांना काय द्यायचं असतं हो? कपांची जोडी घेऊ? सकाळी समोरासमोर बसून पितील. चादर तर मी दुकानात बघितली आणि तशीच बाहेर पडले. मांस रवींद्र खात नाही. बिस्किटांचा डबा दिला तर सगळा क्लब म्हणेल, बघा, जळते.

पुकेकोहेत काही मिळत नाही असं ठरवून मी बॉटनीच्या मोठ्या शॉपिंग सेंटरला गेले. तसं ते आमच्या गावातही मिळालं असतं. मला बघायचं होतं की ते दोघं भाजी कुठे घेतात, कुठल्या बाकावर बसतात. एवढं मी आईशप्पथ कुणाला सांगितलेलं नाही.

आणि समोरून कौमुदीच आली, एकटी. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

"विभाताई? तुम्ही इकडे?"

"बक्षीस घ्यायला आलेय. तुमचंच."

"आमच्यासाठी काही घेऊ नका ना, प्लीज."

"क्लबतर्फे आहे गं. माझ्यातर्फे असतं तर बदक दिलं असतं."

ती हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी ट्रॉल्या ढकलत जात होती. ती म्हणाली, "ताई, मला बोलायचा हक्क नाही, माहितीये मला. पण रविवारी तो तुमच्याकडे आला की मी इथे येऊन नुसती फिरत बसते. त्याच्या आईचा फोन आला की मी माझ्याच घरात श्वास रोखून उभी राहते. त्यांच्या लेखी मी नाहीच. किती दिवस असं?"

मी म्हटलं, "त्यालाच विचार."

"विचारलं. म्हणतो, विभाची हरकत नाही."

विभाची हरकत नाही! वन्सं, मला तिचा मनापासून राग करायचा होता. तेवढं एक तरी माझ्याकडे राहिलं होतं. तेही तिने त्या ट्रॉल्यांच्या गर्दीत काढून घेतलं.

ती गेल्यावर मी लोकरीच्या दुकानात शिरले आणि फार विचार न करता हातमोजे घेतले. इथली मऊ लोकर असते, मेरिनोची, ती. बोटांची टोकं उघडी राहतील असे, म्हणजे नेम धरताना काढायला नकोत. शेडमध्ये रवींद्रचे हात थंडीने फुटतात, पार रक्त येतं. दर हिवाळ्यात मी रात्री त्याच्या हातांना तूप चोळायचे. त्याचं माप मला डोळे मिटून सांगता येतं. तिचंही सांगता आलं, कारण घोड्यावर तिचं बोट मीच ठेवलं होतं. काउंटरवरच्या पोरीने कौतुकाने विचारलं, "हिज अँड हर्स?" मी हो म्हटलं.

आजवर निवडलेल्या बक्षिसांतलं ते सगळ्यात चांगलं बक्षीस होतं. याचीच मला घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली.

समारंभ परवा झाला. चॉप्स वाटले, मेडलं घातली, ग्रेअम आजोबांनी कात्री हवेत चालवून दाखवली. बदक यंदा नोलीनलाच मिळालं आणि लोक टेबल बडवून हसले. मग मी कार्ड वाचलं. "पेअर्स. रवींद्र आणि कौमुदी." शेडमध्ये सगळ्यांच्या खुर्च्या करकरल्या. चांगली माणसं आहेत, कुठे बघावं ते त्यांना कळेना. मी ढाल दिली, मोज्यांची पुडी दिली. रवींद्रने तिथल्या तिथे पुडी उघडून मोजे घातले, मुठी मिटून उघडून बघितल्या. म्हणाला, "थँक यू, विभा. बरोब्बर साइज." बक्षीस देताना हात मिळवायचा असतो, म्हणून मी हात पुढे केला. फेब्रुवारीनंतर त्याचा हात माझ्या हातात आला तो असा. मग टाळ्या झाल्या.

तिथवर मी सगळं निभावलं. निघताना तो माझ्या गाडीपाशी आला. कौमुदी लांब त्याच्या गाडीत बसली होती. ढाल त्याच्या काखेत होती, आणि तो जरा घुटमळला. मला वेड्यासारखं वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. निदान हातमोज्यांबद्दल तरी.

तो म्हणाला, "विभा, दसऱ्यानंतर आईचा वाढदिवस आहे. त्या रविवारी ही ढाल तुझ्याकडे आणून भिंतीला लावूया का? ताईचं लक्ष असतं भिंतीकडे. फक्त कॉलपुरती. मग मी घेऊन जाईन."

मी म्हटलं, "अरे, पट्टीवर तिचं नाव आहे."

तो म्हणाला, "कॅमेऱ्यात नावं वाचता येत नाहीत."

वन्सं, तो हे दुष्टपणाने बोलला नाही. दुष्टपणाने बोलला असता तर मी एक लगावून दिली असती. तो अगदी सहज, सोयीचं सांगावं तसं बोलला. आणि मला दिसलं की मी त्याच्यासाठी काय उरले आहे. भिंतीला टांगायची, कॉल झाला की उतरवायची. आणि यात त्याचा एकट्याचा दोष नाही, मी स्वतःहून न्हाऊनमाखून टांगून घेत होते.

काल रविवार. तो आला. मी पोहे केले नाहीत. आईंनी विचारलं, "ढाल आली का गं, विभा?" आणि मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "येईल आई, थोडे दिवस थांब." आई खूश झाल्या. म्हणाल्या, "माझी विभा आहे म्हणून तुझा नेम लागतो रे." तुम्हाला ऐकू आलं नसेल. तुम्ही नेहमीसारखा हात हलवलात. मीही हलवला.

तो गेल्यावर मी रडले नाही. फरशी पुसली. सबंध घराची.

आज सकाळी रवींद्रला मेसेज केला आहे की मी तुम्हाला आणि आईंना लिहिते आहे आणि येत्या रविवारपासून त्याने फोन त्याच्या घरून करावा. पाठीमागे केलं असं कुणी म्हणायला नको. त्याचा ताबडतोब फोन आला. "तुला कळतंय का तू काय करतेयस? आईला काही झालं तर?" मी म्हटलं, "बाबा गेले तेव्हा आई माझ्याहून खूप लहान होत्या. पदरात तुम्ही दोघं होतात. त्यांना सोसतं. तुला सोसत नाही." त्याने फोन ठेवला. खूप वर्षांत मी त्याला इतकं नेमकं काही बोलले नव्हते. पण वन्सं, जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. एवढंच कळलं की आता रविवारी कुणी यायचं नाही.

आणि दुसरं एक आहे, ज्याच्यासाठी मी इतके महिने गप्प होते. घर विकायचं की ठेवायचं, गाडी कुणाची, हे वकील सांगतो. तुम्ही कुणाच्या, आई कुणाच्या, ते कुणी सांगत नाही. विचारायलाही वेड्यासारखं वाटतं. नवी नवरी होऊन आले तेव्हा मला माहेरची आठवण येऊ नये म्हणून तुम्ही माझ्या खोलीत येऊन झोपला होतात. रवींद्र बिचारा बाहेर सतरंजीवर. माझी आई गेली तेव्हा मला विमान मिळालं नाही. तिच्या तोंडात गंगा तुम्ही घातलीत. असं असताना तुम्ही माझ्या कोण, तर माझ्या नवऱ्याची बहीण. तोच नसेल तर मी तुम्हाला वन्सं कुठल्या तोंडाने म्हणू?

तो तुमचा धाकटा भाऊ आहे. तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहिलात तर मी समजून घेईन. संतापेन आधी, पण मग समजून घेईन. उत्तर लिहावंसं वाटलं तर लिहा.

आता एकच काम करा. तो दुसरा कागद आईंना वाचून दाखवा. मी फोनवर सांगू शकले असते, पण आईंना बातमी कायम तुमच्या आवाजात ऐकायची सवय आहे. या वेळी काही गाळू नका. सगळं मोठ्याने वाचा, त्यांचा हात हातात घेऊन.

विभावरी


ती. आई,

नमस्कार. आवाज वन्संचा आहे, पण बोलते आहे मी, विभा.

रवींद्र आणि मी आता एकत्र राहत नाही. तो सुखरूप आहे. तब्येत चांगली आहे, नोकरी चांगली चालली आहे, काळजी करू नका. तो कौमुदी नावाच्या बाईंबरोबर राहतो. तिचा आवाज कधी फोनवर आला तर तिच्याशी बोला. ती वाईट नाही, आणि तुमच्या आवाजाला फार घाबरते.

रविवारी मी त्याच्या शेजारी बसून बोलायचे, तेवढं खरं होतं. बाकीचं आम्ही दोघांनी तुमच्यापासून लपवलं. फोन ठेवताना तुम्ही दर वेळी म्हणायचात, "आता दोघं जेवून घ्या." तुमचा फोन बंद झाला की तो जायचा आणि मी एकटीच जेवून घ्यायचे. तुमचं ऐकल्यासारखं व्हावं म्हणून जेवायचे.

तुमच्या वाढदिवसाला मी फोनवर नसेन. त्याला रागावू नका. रागावलात तर थोडंच रागवा. तो तुमच्यासमोर अजून लहान आहे.

मला तुम्ही कधी सून म्हणून हाक मारली नाहीत, विभाच म्हणत आलात. आता दुसऱ्या कुणाजवळ माझं नाव निघालं तर तेवढंच म्हणा, विभा. पुढे काही लावू नका.

वन्सं, इथे थांबलात ना? थांबू नका, वाचा. आई, मला तुमच्या घरातून जायचं नव्हतं.

विभा